वेलांटीची जागा

हिवाळ्याच्या तोंडाशी इंग्लंडची घड्याळं तासभर मागे गेली की माझी पहिली चिडचिड होते ती दुपारच्या चहापाशी. आधण ठेवावं, आलं किसावं, कप घेऊन खिडकीशी बसावं, तोवर समोरच्या घरातल्या बाईने दिवे लावून पडदेही ओढलेले असतात. चार वाजता! या देशात निम्म्याहून जास्त आयुष्य गेलं, बाकी सगळं अंगवळणी पडलं, पण चार वाजताचा काळोख मला अजून मान्य नाही. हातात सुई धरणाऱ्या बाईला तर तो मुळीच परवडत नाही. दिव्याखाली नेव्ही आणि काळा सारखेच दिसतात, मोरपंखी आणि बाटलीहिरवा एकमेकांच्या जागी जाऊन बसतात. म्हणून ऑक्टोबर सरत आला की माझा नियम ठरलेला असतो. रंग निवडायचे ते सकाळी, खिडकीत. काळोख पडल्यावर नुसते टाके घालायचे.

यंदा घड्याळं मागे गेली त्याच आठवड्यात सानिकाचा फोन आला. सानिका म्हणजे माझी मैत्रीण शुभदा, तिची मुलगी. जन्म वॉटफर्डचा, नोकरी लीड्सला, आणि मराठी तिचं तिनेच शिवलेलं, कुठे सैल, कुठे घट्ट.

"वैजू मावशी, आईच्या वेडिंगला मी ते स्टिचिंग केलं होतं ना, जो फ्रेम तिच्या हॉलमध्ये आहे? त्याच्यात मिस्टेक आहे."

"बरं."

"बरं काय? तुला माहीत होतं? माझ्या ऑफिसमध्ये पुण्याची एक मुलगी आली आहे, नेहा. दिवाळीला तिला आईकडे घेऊन गेलो. तिने तो वाचला अँड शी वेंट व्हेरी क्वाएट. मग ट्रेनमध्ये सांगितलं. मला इतका लाज वाटला! सगळ्यांना माहीत होतं? ऑल धिस टाइम?"

"होतं."

"आणि कोणी काही बोललं नाही! तू पण नाही! मावशी, प्लीज, तू ते काढून नीट करून दे. आई आणि ॲलन कॉर्नवॉलला गेलेत. माझ्याकडे किल्ली आहे. मी सॅटर्डेला फ्रेम घेऊन येतो. आईला नको सांगू."

'मी येतो' म्हणणाऱ्या या पोरीला 'येते' असं मी आजवर किती वेळा सांगितलं असेल त्याची गणती नाही, आणि तेव्हाही सांगितलंच. "येते," ती म्हणाली आणि फोन ठेवला. तिचा तो 'तू पण नाही' माझ्या कानात राहिला. तिचं म्हणणं रास्त होतं. जगात सगळे गप्प बसले असते, मी बसायला नको होतं.

कारण उसवण्यात माझा हात कोणी धरणार नाही. बायका टाके घालण्याची फुशारकी मारतात, मी उसवण्याची मारते. एक फुली चुकली की पुढे कितीही देखणी वेलबुट्टी काढा, डोळा फिरून फिरून त्या फुलीवरच जातो. मग ती काढावी लागते. कापड न दुखावता, दोरा न तोडता, शांत डोक्याने. मला ते आवडतं. कोणी भरतकाम हातात दिलं की मी आधी ते उलटं करून मागची बाजू बघते, आणि मागे गाठींचं जंगल असेल तर तोंडावर सांगते. मंगलने म्हणून माझं नाव उसवाबाई ठेवलंय. ते तिने स्लाऊच्या घरात ठेवलं आणि आजतागायत टिकलंय.

स्लाऊचं घर आम्हा तिघींचं. मंगल साताऱ्याची, शुभदा नाशिकची, मी अकोल्याची. तिघीही नर्स म्हणून इथे आलो आणि ट्रेडिंग इस्टेटच्या, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीच्या, मागच्या गल्लीत एका अरुंद घरात भाड्याने राहिलो. वारा फिरला की जवळच्या कारखान्यातून चॉकलेटचा वास यायचा आणि वाळत घातलेल्या युनिफॉर्मनाही लागायचा. आपल्याकडे प्रत्येक नर्स ही सिस्टर. इथे सिस्टर म्हणजे अख्ख्या वॉर्डाची मुख्य, हे आम्हाला कुठे ठाऊक? आम्ही सवयीने एकमेकींना सिस्टर अशी हाक मारायचो आणि इंग्लिश मुली हसायच्या. त्यातली एक म्हणाली, "लेडीज, तुम्ही तर स्वतःच स्वतःला प्रमोशन देऊन टाकलंत!" आम्ही कामावर ते थांबवलं. घरी मात्र हट्टाने चालू ठेवलं. "सिस्टर, भात लावलास का?" असं मंगल बूट काढता काढता दारातूनच ओरडायची. पुढे त्यातली थट्टा कधी गळून गेली ते कळलंही नाही. आज आम्हाला कोणी नातं विचारलं तर आम्ही बहिणी असंच सांगतो आणि आडनावांचा खुलासा करत बसत नाही.

त्या घराचा एक कायदा होता. एकमेकींना द्यायच्या भेटीत दुकानातलं काही चालणार नाही. पहिल्या हिवाळ्यात शुभदाने तो केला. चॅरिटी शॉपमधून तिने एक ढगळा पुरुषी कार्डिगन आणला, तो शिवणीशिवणीतून उसवला, कुरळी झालेली लोकर खुर्चीच्या पाठीला गुंडाळली, भिजवली आणि रेडिएटरवर टांगली. ओल्या लोकरीचा तो मेंढरासारखा वास घरभर आठवडाभर होता. मंगल नाक धरून फिरायची. सरळ झालेल्या त्या लोकरीच्या शुभदाने दोन टोप्या विणल्या आणि आमच्या डोक्यांवर चढवल्या. माझ्या टोपीचा एक टाका सुटलेला मी लगेच दाखवला. ती म्हणाली, "डोक्यावर घातल्यावर तुला दिसणार आहे का?" शुभदा डावखुरी. तिचे टाके आपल्यापेक्षा उलट्या बाजूला कलतात. शंभर रुमालांच्या ढिगातून तिचा रुमाल मी कलावरून काढून दाखवीन.

तेव्हापासून क्रोशाच्या जाळ्या, किटलीवर घालायच्या टीकोझ्या, बाळंतविडे, मुलांच्या शाळेच्या नाटकांचे मुकुट, सगळं आम्ही एकमेकींसाठी हाताने केलं. मंगलच्या पोटातला खडा काढला तेव्हा मी तिला उशी भरून दिली. मिलिंद गेला तेव्हा मात्र काय करावं ते कोणालाच सुचेना. मिलिंद म्हणजे शुभदाचा नवरा. त्याच्याशी तिने घरच्यांच्या मर्जीविरुद्ध नाशिकच्या कचेरीत सही करून लग्न केलं होतं. वाजंत्री नाही, अक्षता नाहीत, रुखवत तर नाहीच. तो गेला तेव्हा सानिका प्राथमिक शाळेत होती. मंगलने तिच्या शाळेच्या कार्डिगनची सुटलेली बटणं पक्की केली आणि मी कोपराला ठिगळ लावलं. दुसरं काहीच करता आलं नाही. पुढची सगळी वर्षं शुभदाने वॉटफर्डच्या त्या घरात एकटीने काढली. ड्यूट्या केल्या, पोर वाढवली, आणि रडताना आम्ही तिला फार थोड्या वेळा पाहिलं.

मला ज्या हिवाळ्याबद्दल सांगायचंय तो अलीकडचाच. त्या वर्षी घड्याळं मागे गेली त्याच रविवारी शुभदाने आम्हाला वॉटफर्डला जेवायला बोलावलं. वरणभात, भरली वांगी, आणि ताटं आवरायच्या आत तिने सांगून टाकलं, "मी लग्न करतेय."

मंगलच्या हातातला डाव तसाच राहिला. "कुणाशी?"

"ॲलनशी. लायब्ररीतला."

पिनरच्या लायब्ररीत विणकामाचा गट भरतो, तिथे शुभदा दर आठवड्याला जायची. त्यात एकच पुरुष होता. कौन्सिलच्या बागांमध्ये माळी म्हणून आयुष्य काढून निवृत्त झालेला, बायको गेलेला, मोजे विणणारा. त्याचे मोजे आम्ही पाहिले होते. टाच उत्तम वळवायचा.

"मोज्यांवर भाळलीस?" मंगल म्हणाली.

"टाचेवर," शुभदा म्हणाली आणि लाजली. पन्नाशी उलटलेली बाई लाजली की किती सुंदर दिसते ते मी त्या दिवशी पाहिलं. मला फार आनंद झाला. एवढा की मला रडू आलं आणि त्याचा राग येऊन मी वांग्याला मीठ कमी आहे असं म्हटलं.

रुखवताची कल्पना मंगलची. "पहिल्या वेळी नव्हतं, आता करायचं. टेबल मांडून, नावं घालून, सगळं रीतसर."

"ए, वेड लागलंय का? मी काय वीस वर्षांची आहे? आणि रुखवत माहेरचं असतं. मला माहेर कुठेय?" शुभदा म्हणाली. तिची आई केव्हाच गेली होती आणि भावाने हे ऐकून फोनवर नुसतं "बरं" म्हटलं होतं.

"आम्ही काय मेलोय?" मी म्हटलं. विषय तिथे संपला.

विषय संपला नाही तो सानिकाचा. नाताळात ती घरी आली तेव्हा आम्ही दोघीही तिथे होतो. ॲलनबद्दल तिचं काही म्हणणं नव्हतं. "ही इज लव्हली, आय नो," असं तीच म्हणाली. खटकलं होतं ते घर. लग्नानंतर शुभदा पिनरला ॲलनकडे राहायला जाणार होती आणि वॉटफर्डचं घर विकायचं ठरलं होतं. सानिका जिन्याच्या पायरीवर बसली होती, लहानपणी रुसून बसायची त्याच.

"पिनर तुझा घर होईल, आई. माझा नाही. मग मी घरी कुठे यायचं?"

"अगं, मी असेन ना तिथे. तुझी खोली असेल."

"ती गेस्ट रूम असेल. देअर्स अ डिफरन्स."

"तुझा घर नाही, तुझं घर म्हणायचं," असं सांगायला माझं तोंड उघडलं होतं. मंगलने माझ्या पायावर पाय दिला. सानिका उठली, कोट घातला आणि मार्चमध्ये ऑफिसचं काम असेल, लग्नाला जमेलसं वाटत नाही, असं म्हणून लीड्सची ट्रेन पकडायला गेली. शुभदा ओट्याशी उभी राहून आधीच स्वच्छ असलेला ओटा पुसत राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "ती आली नाही तर मी सही करेन, पण मला ते लग्न वाटणार नाही." इतकं उघड ती कधी बोलत नाही.

आम्ही मग काय केलं? जे येतं ते केलं. टाके घातले. पोरीला समजवायला फोन करायचा नाही असं शुभदाने बजावलं होतं, म्हणून तो सगळा जीव सुईत गेला. जानेवारीच्या कोत्या दिवसांत मी सकाळी खिडकीत बसून दसुतीवर टेबलक्लॉथ काढायला घेतला. चारी कडांना फुलीच्या टाक्याची वेल आणि कोपऱ्यांत मोर. एक मोर पायाने अधू निघाला, तो मी पूर्ण उसवून पुन्हा काढला. मंगलने तोरण घेतलं, मण्यांचं आणि लाल रेशमाचं. शिवाय सुपारीचे नवरानवरी केले. नवऱ्याला कापसाची दाढी, हातात काडेपेटीच्या काड्यांच्या विणायच्या सुया, आणि गळ्यात बोटाएवढा मफलर. वेडावाकडा, पण मफलर. माझ्या घरभर दोऱ्यांच्या लडी पडलेल्या असायच्या, चपलेला चिकटून वॉर्डापर्यंत यायच्या. एकदा एका म्हाताऱ्या पेशंटने माझ्या बाहीवरचा हिरवा धागा अलगद उचलला आणि विचारलं, "सिस्टर, कुणासाठी चाललंय?" मी तेव्हा खरोखरच सिस्टर झालेले होते, इथल्या अर्थाने. मी म्हटलं, "माझ्या बहिणीसाठी."

फेब्रुवारीत ॲलन माझ्याकडे आला. मंगलने त्याला रुखवत म्हणजे काय ते समजावून सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे मुलीकडच्यांनी आपलं काम मांडायचं आणि माझ्याकडच्यांनी त्यात खोड काढायची?" "अगदी बरोबर," मी म्हटलं. त्याने टेबलक्लॉथ उचलला आणि मोर पाहण्याआधी तो उलटा केला. मागची बाजू बोटाने चाचपली. "टायडी बॅक," तो म्हणाला. मला त्या माणसाबद्दल जी काही शंका होती ती त्या दोन शब्दांत संपली.

निघताना तो दारात घुटमळला. "सानिका येईल का?" त्याने विचारलं. आम्हाला माहीत नव्हतं.

लग्न मार्चअखेरीला होतं, घड्याळं पुन्हा पुढे जायच्या जरा आधी. दुपारी रजिस्ट्रारसमोर सह्या आणि मग पिनरच्या एका कम्युनिटी हॉलमध्ये जेवण. सकाळी मंगल आणि मी हॉल उघडून टेबल मांडत होतो. बाहेर डॅफोडिल्स वाऱ्याने लोळत होते. दार ढकललं गेलं आणि सानिका आत आली. अंगावर ऑफिसचाच कोट, खांद्यावर कापडी पिशवी, केस विस्कटलेले. मंगलने तिला मिठीच मारली. मी मारली नाही, कारण माझ्या तोंडात टाचण्या होत्या.

"मंगल मावशी," ती म्हणाली, "तू सांगितलं होतं रुखवत ब्राइडच्या साइडचा असतो. आईचा साइड मीच आहे ना?"

"तूच तर आहेस," मंगल म्हणाली.

"मग हे पण ठेवायचं."

पिशवीतून तिने एक घडी काढली. पांढरं दसुतीसारखं कापड, इथे क्रॉस स्टिचच्या संचात मिळतं ते. माझ्या हातांनी सवयीने ते आधी उलटं केलं. मागे भयंकर प्रकार होता. एका अक्षरावरून दुसऱ्या अक्षरावर उड्या मारत गेलेले दोरे, गाठींवर गाठी, लोंबणारी टोकं. मग सरळ केलं. वर झेंडूच्या फुलांची ओळ, खाली एका घराचं दार, वॉटफर्डचं, निळं, लेटरबॉक्ससकट. आणि मध्ये लाल अक्षरांत, मोठ्या मेहनतीने: माझा आई.

मी ते वाचलं आणि पुन्हा वाचलं. लहानपणापासून ती तसंच म्हणते. माझा आई, माझा शाळा, माझा पर्स. मी दर वेळी 'माझी' म्हणायचे आणि ती दर वेळी मान हलवायची. आता ते फुलीफुलीने कापडावर उतरलं होतं आणि संध्याकाळपर्यंत सगळं हॅरो-पिनर ते वाचणार होतं.

आणि गंमत अशी की उसवायचीही गरज नव्हती. 'झा'चा 'झी' करायला काना काढावा लागत नाही, त्याच्या डोक्यावर वेलांटीचं वळण चढवलं की झालं. शेजारच्या 'ई'वरचा तो फटकारा बसावा म्हणून तिने अक्षरांवर बोटभर जागा सोडली होती. तेवढीच जागा 'झा'वरही मोकळी होती. जणू वेलांटीसाठीच ठेवलेली. लाल रेशमाची लडी तोरणापाशी होती, सुई माझ्या पदराला टोचलेली. चहा उकळेपर्यंत झालं असतं. मी सुईत दोरा ओवलासुद्धा.

"कसा आहे?" सानिकाने विचारलं.

"कुठे शिकलीस?"

"व्हिडिओ बघून. लेटर्स मीच ग्राफ पेपरवर काढले. ट्रेनमध्ये करायचो, लंचमध्ये करायचो. माय फिंगर्स आर रुइन्ड." तिने बोटं दाखवली. टोकं सुईने चाळणी झाली होती.

"एकदा विचारायचं होतंस मला."

"विचारलं असतं तर तुला कळलं असतं. आणि तू सगळं उसवायला लावलं असतं."

मंगल खोकली. माझ्या हातात ओवलेली सुई होती आणि समोर ती पोर उभी होती, हिवाळाभर कुणाला न सांगता आईसाठी टाके घालणारी. मी दोरा ओढून काढला, सुई पदराला टोचली आणि म्हटलं, "छान झालंय. मध्यभागी ठेवू." मला त्याचं दुःख झालं नाही. उलट हलकं वाटलं.

शुभदा आली तेव्हा तिने आधी सानिकाला पाहिलं आणि मग टेबल. अंगावर जांभळी पैठणी, हातात गाडीची किल्ली तशीच. ती कापडावर वाकली. ओठ हलले, वाचलं तिने. हात पुढे करून त्या निळ्या दारावरून बोट फिरवलं. मग वळून लेकीला जवळ घेतलं आणि दोघी इतका वेळ तशाच उभ्या राहिल्या की मंगल आणि मी खुर्च्या पुसायला लागलो. पुढे कुणीतरी मंगलपाशी ती चूक काढलीच. तिने ठोकून दिलं, "अहो, आई आणि बाप दोन्ही तीच झाली ना, म्हणून माझा!" हे असलं व्हॉट्सॲपवर शोभतं. पोरीला व्याकरण येत नव्हतं, एवढंच खरं होतं, आणि माझ्या लेखी तेवढं पुरेसं होतं.

कापड फ्रेम करायचं ठरलं तेव्हा दुकानात द्यायला शुभदा तयार झाली नाही. "मी करते," म्हणाली. बरेच दिवस लावले. मग ते पिनरच्या घरी हॉलमध्ये लागलं, आत शिरल्या शिरल्या समोर. वॉटफर्डचं घर दुसऱ्या कुटुंबाला गेलं. त्यांनी दाराला करडा रंग दिला असं मंगलने जाता येता पाहिलं. निळं दार आता फक्त त्या कापडावर आहे.

हे सगळं गेला आठवडाभर डोक्यात घोळवत मी शनिवारची वाट पाहिली. सानिका जेवणवेळेच्या आधीच आली. हातात फ्रेम, ब्लँकेटमध्ये गुंडाळलेली, चोरून आणल्यासारखी. लाल रेशमाची नवी लडीही आणली होती, दुकानात नेहाच्या फोनवरचा फोटो दाखवून रंग जुळवून. खिडकीत उजेड चांगला होता.

"बघ," मी पेन्सिलीने हवेत दाखवलं, "इथून वळण घ्यायचं. काढायचं काहीच नाही. तूच कर, मी सांगते."

"इतकंच?" ती म्हणाली. "इतकं सोपं होतं तर तेव्हा का नाही केलंस?"

मी फ्रेम पालथी घातली, मागचे खिळे उचकटले, पुठ्ठा काढला. कापडाची मागची बाजू वर आली आणि मी चष्मा पुसला.

ते जंगल तिथे नव्हतं. म्हणजे होतं, सानिकाची एकही गाठ कापलेली नव्हती. पण प्रत्येक लोंबणारं टोक आडवं निजवून त्यावर पांढऱ्या दोऱ्याचे बारीक टाके घातलेले होते, पुढून दिसणार नाहीत असे, एकेका धाग्याला धरून ठेवणारे. सगळे टाके उलट्या बाजूला कललेले. डावखुरे.

"हे मी नाही केलं," सानिका म्हणाली.

"नाही."

तिने कापड उजेडात धरलं. घराच्या दारामागे टाके होते, झेंडूंमागे होते. 'झा'च्या कान्यामागे मात्र ते सगळ्यांत दाट होते. वरपासून खालपर्यंत, दुहेरी दोऱ्याने, एकाला एक लागून. शिवण फाटू नये म्हणून घालतात तसे. तो काना कापड फाडल्याशिवाय आता निघाला नसता.

"इथेच इतके का?" तिने विचारलं.

मला आधी हसू आलं. "माझ्या भीतीने," मी म्हटलं. "मी कधीतरी उसवीन म्हणून. तुझ्या आईला माझी खात्री नव्हती."

"म्हणजे तिला माहीत होतं? फ्रॉम द स्टार्ट?"

"तुझी आई मराठी शाळेत शिकलीये बाळा."

सानिका हसली आणि हसता हसता तिचा चेहरा बदलला. ती त्या पाठीमागच्या टाक्यांवरून बोट फिरवत राहिली, आईने दारावरून फिरवलं होतं तसंच. नवी लडी तिच्या मांडीवर होती. वेलांटीची जागा अजून तशीच मोकळी होती आणि वेलांटी आजही सहज बसली असती. मी सुई पुढे केली, कारण काम तिचं होतं आणि ठरवायचंही तिनेच.

तिने सुई घेतली नाही. पुठ्ठा उचलला, कापडावर नीट बसवला आणि खिळे अंगठ्याने एकेक दाबून बसवायला लागली. मी चहा टाकला. चार वाजायचे होते, समोरच्या बाईने अजून पडदे ओढले नव्हते. सानिकाने फ्रेम सुलटी करून भिंतीला टेकवली आणि कप हातात घेतला.

"मावशी, आम्ही हे उघडलं होतं ते सांगू नको हं," ती म्हणाली. "माझा आई रागावेल."

आणि माझ्याकडे बघत थांबली. मी चहाचा घोट घेतला.